तोच ताप की दुसरा?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)





या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक, लेखक, कीर्तनकार बोलून गेले. आम्ही पडलो राज्य सरकारच्या आरोग्य खात्यातले प्रयोगशाळा तंत्रज्ञ. शिक्षण डी.एम.एल.टी., म्हणजे डिप्लोमा. आमचं अक्षर लोकांना दिसतं ते फक्त रिपोर्टावर, आणि तेही लागत नाही अशी तक्रार असते. चिटणीसांचा फोन आला तेव्हा आम्ही म्हटलं, आम्हांला रक्ताच्या बाटल्यांपलीकडे काय येतं? ते म्हणाले, "तेच सांगा की." म्हणून तेच सांगायला उभे आहोत. बोलताना 'आम्ही, आम्ही' म्हणू, तो मोठेपणा समजू नका. आमच्या टेबलाभोवती चार माणसं काम करतात, त्या चौघांचा तो 'आम्ही' आहे. आणि इथे जे बोलू ते खात्याचं मत नव्हे, आमचं आहे.

विषय गोचिडीच्या तापाचा. सुरुवात एका आईच्या प्रश्नापासून करतो.

साधारण बारा वर्षं झाली. खानापूरकडच्या एका वाडीतली सात-आठ वर्षांची मुलगी तापाने आजारी पडली. पाच दिवस ताप, डोकं दुखतंय, अंगावर लालसर पुरळ आणि ते तळहात-तळपायांवरसुद्धा. एका दवाखान्यातून तिच्या रक्ताची बाटली आमच्याकडे आली. सोबतच्या फॉर्मवर एकच शब्द होता, 'ताप'. किती दिवसांचा, पुरळ कधी आलं, घरी कुत्रं आहे का, औषध सुरू झालं का, काही नाही. बाटली बर्फाशिवाय दुपारभर एस.टी.त फिरून आलेली. फोन उचलून दोन प्रश्न विचारायचं काम आमचं होतं. आम्ही तो फोन केला नाही. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉईड नाही असे रिपोर्ट दिले. टायफससाठीची जुनी तपासणी केली, ती काठावर आली. डॉक्टर मात्र अनुभवी होते. पुरळ बघून, आमची वाट न बघता, त्यांनी डॉक्सिसायक्लिन सुरू केलं होतं. दोन-तीन दिवसांत ताप उतरला.

पुढच्या वर्षी तीच मुलगी परत तापली. या वेळी तिची आई आमच्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "साहेब, गेल्या सालचाच ताप परत उठला काय? का हा दुसरा?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण गेल्या सालचा ताप नेमका कोणाचा होता, हेच आम्ही धरून ठेवलेलं नव्हतं. मुलगी दुसऱ्या वेळीही बरी झाली, पण प्रश्न आमच्याकडेच राहिला. आज त्या प्रश्नाला जगभरच्या प्रयोगशाळांनी काय उत्तर शोधलं ते सांगायचं आहे.

आधी ही भानगड काय आहे ते पाहू. गोचीड कोणाला सांगायला नको. गाई-म्हशींच्या कासेला, कुत्र्याच्या कानात चिकटलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कानडीत तिलाच उण्णी म्हणतात. ती किडा नव्हे, आठ पायांची, कोळ्याच्या नात्यातली आहे. रक्त पिताना ती तोंडातून काहीबाही आपल्या अंगात सोडते. त्यात कधी विषाणू असतो, कधी जिवाणू. आपल्या भागात माकडताप सगळ्यांना ऐकून ठाऊक आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो ओळखला गेला आणि अलीकडे गोव्यातली सत्तरी, सिंधुदुर्गातलं दोडामार्ग इथपर्यंत पोचला. पण माकडताप विषाणूचा आहे, त्यावर डॉक्सिसायक्लिनचा उपयोग नाही. आज आम्ही बोलतोय ते जिवाणूंबद्दल. गाडी तीच, उतारू वेगळा.

या जिवाणूंच्या एका घराण्याचं नाव रिकेट्सिया. अमेरिकेतल्या हॉवर्ड रिकेट्स या संशोधकाने रॉकी पर्वताकडचा ठिपक्यांचा ताप गोचिडीमुळे होतो हे दाखवलं, आणि १९१० मध्ये मेक्सिको सिटीत टायफसचा अभ्यास करताना त्याच आजाराने तो गेला. वय होतं ३९. याच कामात फोन प्रोवाझेक हा दुसरा संशोधकही १९१५ मध्ये टायफसनेच गेला. उवांमधून पसरणाऱ्या टायफसच्या जिवाणूला या दोघांची नावं जोडून रिकेट्सिया प्रोवाझेकी म्हणतात. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे नाव उच्चारताना जरा थांबावं. आणखी एक सांगतो, टायफस म्हणजे टायफॉईड नव्हे. नावाच्या सारखेपणाने घराघरांत हा घोटाळा होतो, फॉर्मवरही होतो.

आपल्याकडचा जो गोचिडीचा ताप, त्याला इंडियन टिक टायफस म्हणतात. त्याचा जिवाणू रिकेट्सिया कोनोराय. तो मुख्यतः कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीतून येतो. म्हणजे त्यासाठी जंगलात जायला नको, अंगणातलं कुत्रं पुरतं. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर मुलांमधल्या या ठिपक्यांच्या तापाची लक्षणं मोजून गुण देण्याची पद्धत २०११ मध्ये मांडली, ती याच अडचणीतून. तपासणी हाताशी नसेल तर डॉक्टरने संशय कशावरून घ्यावा, हा तिचा हेतू.

आता तपासणीचं बघू. आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं चालत आलेली तपासणी म्हणजे वील-फेलिक्स. १९१६ सालची, पहिल्या महायुद्धातली. वील आणि फेलिक्स यांना टायफसच्या रोग्याच्या लघवीत प्रोटियस नावाचा जिवाणू सापडला. रोग्याच्या रक्तातला पाणीदार भाग, ज्याला आम्ही सीरम म्हणतो, त्यात तो मिसळला की त्याच्या गुठळ्या व्हायच्या. गंमत अशी की त्या रोग्याच्या आजाराशी प्रोटियसचा काही संबंधच नव्हता. त्याच्या अंगावरचं एक आवरण रिकेट्सियाच्या आवरणासारखं आहे, एवढंच. म्हणजे शरीराने रिकेट्सियासाठी तयार केलेली प्रतिपिंडं चुकून प्रोटियसलाही ओळखतात. चोराला कधी पाहिलं नाही, पण त्याच्या चुलतभावाला बघून कुत्रं भुंकलं, तसा हा प्रकार. गोचिडीच्या तापात ओएक्स-१९ आणि ओएक्स-२ भुंकतात, स्क्रब टायफसमध्ये ओएक्स-के भुंकतो. घराणं कोणतं याचा अंदाज लागतो. पण घराण्यातला नेमका कोण हे कळत नाही. शिवाय प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो, आणि एकदा झाली की महिनोन्‌महिने राहू शकतात. 'गेल्या सालचा की दुसरा' याचं उत्तर तिथे मिळणार कसं?

मग जिवाणू वाढवून का बघत नाही? टायफॉईडचा जिवाणू आम्ही बशीत वाढवतो. रिकेट्सिया बशीत वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागते, तो पेशीच्या आत शिरून राहतो. पूर्वी गिनी पिगमध्ये किंवा कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यात वाढवायचे, आता पेशींच्या कल्चरमध्ये. त्याला अतिसुरक्षित प्रयोगशाळा लागते. रिकेट्सचं काय झालं ते आत्ताच सांगितलं.

इथे जनुकांच्या वाचनाने दार उघडलं. प्रत्येक जिवाणूची एक पोथी असते, चार अक्षरांत लिहिलेली. रिकेट्सिया कोनोरायची पूर्ण पोथी २००१ मध्ये वाचून झाली. तीत १२ लाख ६८ हजार ७५५ अक्षरं आहेत. माणसाची सुमारे ३०० कोटींची, त्या मानाने ही चोपडीच. रोग्याच्या नमुन्यात जिवाणू थोडे असले तरी पोथीचं एखादं पान आपण वाढवून घेऊ शकतो. त्यालाच पीसीआर म्हणतात, कोरोनामुळे हा शब्द घरोघरी पोचला. नमुना तापवायचा, निववायचा, परत मध्यम तापवायचा. प्रत्येक फेरीत त्या पानाच्या प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर. मग ते पान अक्षर अक्षर वाचायचं.

पण कोणतं पान वाचायचं? खरी कला तिथे आहे. ती समजायला आपल्याच मंडळींचं उदाहरण घेतो.

आपण सगळे मराठी. कोणी बेळगावचे, कोणाची मुलगी इंदूरला दिलेली, कोणाचे व्याही बडोद्याचे, हैदराबादचे. गणपतीला सगळे जमतात. नुसत्या बोलण्यावरून कोण कुठला हे ओळखायचं असेल तर कोणते शब्द ऐकाल? 'आई', 'पाणी', 'हात' या शब्दांवरून काही कळणार नाही. ते सगळीकडे तेच, कारण रोजचा व्यवहार त्यांच्यावर चालतो. ते बदलले तर संसार अडतो. कळतं ते मधल्या भरीच्या शब्दांवरून. आपण म्हणतो 'आलो की', 'बस की'. तिकडचा पाहुणा 'येऊन राहिलोय' म्हणतो. या भरीच्या शब्दांवर कोणाचा व्यवहार अडलेला नसतो, म्हणून ते गावोगाव बदलत जातात. आणि आणखी एक. नुसत्या 'की'वरून माणूस बेळगावचा ठरत नाही, कोल्हापूरकरही 'की' लावतो. चार-पाच खुणा जुळल्या तरच आपण खात्रीने म्हणतो, हा आपल्याच गल्लीतला.

जिवाणूंचं हुबेहूब असंच आहे. त्यांच्या पोथीत काही पानं 'आई-पाणी'सारखी असतात. १६-एस आरआरएनए नावाचं एक पान आहे, ते सगळ्या रिकेट्सियांत जवळजवळ सारखं. त्यावरून घराणं कळतं, गल्ली कळत नाही. सायट्रेट सिंथेजचं जनुक, त्याला आम्ही जीएलटीए म्हणतो, थोडं अधिक सांगतं. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातली प्रथिनं, ओम्प-ए आणि ओम्प-बी, त्यांची जनुकं आणखी बदलती, कारण आवरणाला बाहेरच्या जगाशी तोंड द्यावं लागतं. अशी तीन-चार-पाच जनुकं वाचून, सगळ्यांचा मेळ घालून वाण ठरवायचा, याला मल्टिलोकस टायपिंग म्हणतात. आणि दोन जनुकांच्या मधल्या मोकळ्या जागा, त्या खऱ्या भरीच्या शब्दांसारख्या. तिथे अक्षर बदललं तरी कोणतं प्रथिन बिघडत नाही, म्हणून बदल टिकून राहतात आणि साठत जातात. त्या जागा वाचण्याच्या पद्धतीला मल्टिस्पेसर टायपिंग म्हणतात. जवळचे वाण वेगळे करायला ती फार उपयोगी पडते. आता तर पूर्ण पोथीच वाचण्याकडे कल आहे, पण त्याला नमुना भरपूर आणि चांगला लागतो.

'वाण' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतोय. भात तो भात, पण इंद्रायणी वेगळा आणि आपल्या बेळगावचा बासमती वेगळा. शिजताना वास सांगतो.

या पद्धतींनी काय सापडलं? पहिली गोष्ट आपल्या घरची. १९५० मध्ये भारतात एका तपकिरी गोचिडीतून रिकेट्सियाचा एक वाण वेगळा करून ठेवला होता. तो इंडियन टिक टायफसचा वाण. भूमध्य समुद्राकडे अशाच ठिपक्यांच्या तापाचा जिवाणू, इस्राएलमधला एक, कॅस्पियन समुद्राकाठच्या आस्त्राखानमधला एक. हे सगळे वेगळे की एकच, यावर बरीच वर्षं वाद होता. २००५ मध्ये पाच जनुकं आणि मधल्या जागा वाचून निवाडा झाला. जात एकच, कोनोराय, पण उपजाती चार. त्यांतली आपली 'इंडिका'. म्हणजे इंडियन टिक टायफस हे नुसतं साहेबांनी दिलेलं जुनं नाव नाही, त्यामागे खरोखर वेगळी कुळी आहे.

आता ही कुळी फक्त आपल्याच देशात राहते का? २००१ मध्ये फ्रान्समधून एक नोंद प्रसिद्ध झाली, प्रवाशाला झालेल्या या भारतीय वाणाच्या संसर्गाची. तो भारतातून परतला होता. इथवर ठीक, इथे चावली आणि तिथे ताप आला. पण २०१२ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावरून बातमी आली, तिथल्या माणसांत भारतीय वाण सापडला. जनुकं वाचली नसती तर तिथल्या डॉक्टरांनी तो नेहमीचा भूमध्यसागरी तापच म्हटला असता. लक्षणं सारखीच, जुन्या रक्ततपासणीला दोन्ही सारखेच. बेळगावची माणसं दुबई-लंडनला गेली तसा हा वाणही कुठे कुठे जाऊन बसलाय. फरक इतकाच की तो मंडळ काढत नाही.

दुसरी गोष्ट पोर्तुगालची. तिथे कोनोरायचे दोन वाण एकाच वेळी फिरतात, एक नेहमीचा भूमध्यसागरी आणि दुसरा इस्राएलकडचा. तिथल्या संशोधकांनी १४० रुग्णांचे वाण जनुकांवरून वेगळे केले आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. नेहमीच्या वाणाच्या रुग्णांत शंभरी १३ दगावले, इस्राएलकडच्या वाणात शंभरी २९. दुपटीहून जास्त. दारूचं व्यसन असलेल्यांना धोका अधिक, हेही त्यात दिसलं. सगळ्यांना 'गोचिडीचा ताप' असं एकच नाव दिलं असतं तर हा फरक कधीच हाती लागला नसता.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली आणि जरा शरमेची. १९३० च्या दशकात टेक्साससारख्या दक्षिणेकडच्या भागातल्या गोचिडींत एक रिकेट्सिया सापडला. त्याला पुढे रिकेट्सिया पार्केरी म्हणू लागले. माणसाला तो काही करत नाही असं साठ-पासष्ट वर्षं धरून चालले. त्या काळात त्याच्यामुळे कोणी आजारी पडलंच नाही असं नाही. पडलं असेल तर रक्ततपासणी 'रॉकी माउंटन ताप' असं सांगून मोकळी होत होती. २००४ मध्ये एका रुग्णाच्या त्वचेतून तो वेगळा केल्याचं आणि त्याची जनुकं जुळल्याचं प्रसिद्ध झालं, आणि 'निरुपद्रवी' हा शिक्का पुसावा लागला. आपल्याकडेही असं घडलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत दक्षिण भारतातल्या एक वर्षाच्या तापलेल्या मुलाच्या त्वचेच्या तुकड्यात तोवर कोणीही न नोंदवलेला रिकेट्सिया सापडला, त्याला 'केलियाय' असं नाव सुचवलं गेलं. एका बाळाच्या चिमूटभर कातडीने जिवाणूंच्या यादीत एक ओळ वाढवली.

आता आपल्या खानापूरच्या आईकडे परत येऊ. तोच ताप की दुसरा?

या प्रश्नाचं सगळ्यांत स्वच्छ उत्तर गोचिडीच्या दुसऱ्या एका आजारात मिळालं आहे. लाइम रोग. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. १९७५ मध्ये तिथे लहान मुलांचे सांधे सुजायला लागले. हे सरकारी आरोग्य खात्याच्या नजरेस कोणी आणलं? दोन आयांनी. त्यांपैकी पॉली मरे या बाईंनी कितीतरी डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मुलांच्या आजारांची टिपणं त्या वहीत लिहून ठेवत. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडींच्या पोटात नागमोडी जिवाणू दिसले, १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि जिवाणूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी नाव मिळालं. आम्हांला यातला पहिला भाग फार महत्त्वाचा वाटतो. खिडकीशी येऊन प्रश्न विचारणारी आई म्हणजे आमच्या कामातला अडथळा नव्हे, कामाची सुरुवात ती करते.

लाइम रोगात चावलेल्या जागी गोल लाल चट्टा वाढत जातो. औषध दिलं की जातो. पण काही रोग्यांना वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा चट्टा येई. मग भांडण सुरू. रोगी म्हणे, औषध अपुरं दिलं, जंतू अंगात लपून बसले होते. डॉक्टर म्हणत, तुला पुन्हा चावली. दोघांकडेही पुरावा नाही. काही लोक भीतीने महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेत राहिले, त्याचे वेगळेच भोग.

बोरेलियाच्या आवरणात ओस्प-सी नावाचं एक प्रथिन असतं, त्याचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांना ए, बी, के अशी अक्षरं दिलेली आहेत. न्यूयॉर्क राज्यात १७ रुग्ण असे निवडले, ज्यांना दोन किंवा जास्त वेळा चट्टा आला होता आणि दर वेळी त्यांचा जिवाणू वाढवून ठेवलेला होता. एकामागून एक आलेल्या आजारांच्या २२ जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीतला पहिला आणि दुसरा जिवाणू ओस्प-सीवरून पडताळला. २२ पैकी किती जोड्यांत तोच वाण निघाला? एकातही नाही. २०१२ मध्ये हे छापून आलं. चट्टा परत आला होता तो नव्या चाव्याने, नव्या वाणाने. जुनं औषध चांगलं लागू पडलं होतं. एका वाणाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्या वाणाला अडवत नाहीत, म्हणून तो पुन्हा शिरू शकला.

बघा, इथे औषधात काही बदललं नाही. पण रोग्याच्या मनातला संशय गेला, डॉक्टरवरचा आळ गेला, आणि उपाय कुठे करायचा ते कळलं. गोळ्या वाढवायच्या नाहीत, गोचीड टाळायची.

आणि हे उत्तर मिळालं कशामुळे? पहिल्या वेळचा जिवाणू कोणीतरी नीट नाव-तारीख घालून थंडीत ठेवला होता म्हणून. ते काम मोठ्या संशोधकाचं नसतं, ते आमच्यासारख्यांचं असतं. यंत्र कितीही भारी असो, पहिली बाटलीच नसेल तर ते काय वाचणार? खानापूरच्या त्या मुलीची पहिली बाटली आम्ही गमावली. तेव्हापासून आमच्या टेबलावर एक सवय लागली आहे. फॉर्मवर नुसतं 'ताप' असेल तर आम्ही फोन करतो. कधी समोरचे चिडतात, चिडू देत.

आमच्या पातळीवर जनुकं वाचली जात नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही नमुना घेतो, जपतो आणि पुढे पाठवतो. पण तो कसा घ्यायचा यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. रिकेट्सिया रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात राहतो, रक्तात तो थोडाच फिरतो. म्हणून नुसतं रक्त तपासलं तर पीसीआर बऱ्याचदा कोरडा येतो. चावल्या जागी काळी खपली असेल तर तिच्या तळाशी फिरवलेला कापसाचा बोळा किंवा पुरळाच्या जागेचा त्वचेचा लहान तुकडा जास्त बोलतो. आपल्याकडच्या तापात खपली फारशी दिसत नाही, तेव्हा पुरळाकडे लक्ष ठेवावं लागतं. शक्य असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी नमुना घ्यावा, गोठू न देणाऱ्या बाटलीत, थंड ठेवून. आणि 'निगेटिव्ह' म्हणजे 'नाही' असं समजू नये, 'सापडला नाही' असं समजावं.

मात्र एक गोष्ट सगळ्यांत आधी. नमुन्यासाठी, रिपोर्टासाठी औषध थांबवायचं नाही. डॉक्टरला संशय आला आणि त्यांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं तर पहिला डोस त्याच दिवशी गेला पाहिजे. वाण कोणताही असो, औषध तेच आहे. उशीर झाला तर मेंदू, मूत्रपिंड, बोटांची टोकं यांवर बेतू शकतं. वाणाचं उत्तर सावकाश आलं तरी चालेल, त्याचा उपयोग पुढच्या घरांना होतो.

घरच्या मंडळींनी करायचं ते थोडकं आहे. गोचीड अंगाला चिकटलेली दिसली तर चुना, रॉकेल, उदबत्तीचा चटका यांतलं काही लावू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा आणि जागा साबणाने धुवा. नखांवर चिरडू नका. आपल्या आजी कुत्र्याच्या गोचिडी नखावर फोडायच्या, पण तिच्या पोटातलं हाताच्या चिरेतून किंवा डोळ्यातून आत जाऊ शकतं. कुत्र्यावर औषध करून घ्या, आणि कुत्रं झोपतं तिथल्या भिंतींच्या फटीही बघा, गोचीड अंडी घालते ती कुत्र्यावर नव्हे, तिथे. आणि ताप आला तर डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा: ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, पुरळ कधी आणि कुठून सुरू झालं, घरात-गोठ्यात-रानात गोचीड होती का. पुरळाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, ते पुढे मावळतं. जमल्यास पॉली मरेंसारखी एक वही ठेवा.

आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली माणसं. आपलं कूळ-मूळ कोणी विचारलं तर गाव, कुलदैवत, आडनाव सगळं सांगतो, कुठून निघालो आणि कुठे स्थिरावलो हे लक्षात ठेवतो. एखाद्या तापाचंही कूळ-मूळ कोणीतरी लक्षात ठेवावं लागतं. आमच्या चार माणसांच्या टेबलावर ते काम चालतं.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिची आई परत कधी खिडकीशी आली नाही, म्हणजे बरं चाललं असावं. पण तसाच प्रश्न घेऊन उद्या दुसरी कोणी आली, तर निदान पहिली बाटली आमच्याकडे नीट नाव घालून ठेवलेली असेल, एवढं आश्वासन या बाप्पासमोर देतो.

बालमित्रांनो, आता आरतीला चला.

गणपती बाप्पा मोरया!